ग्रंथप्रेमी महाराज सयाजीराव

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे. 1863 साली तेथे काशीराव गायकवाड यांच्या घरी जन्मलेल्या गोपाळ नावाच्या मुलाला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख जवळजवळ नव्हती. शेतकऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्या काळी यात नवल असे काही नव्हते. नवल घडले ते पुढे. बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना इंग्रज सरकारने 1875 च्या एप्रिलमध्ये पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील या मुलावर निवड स्थिरावली. 27 मे 1875 रोजी गोपाळ बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव झाला.

गादी मिळाली, पण कारभार हाती येण्यास अद्याप साडेसहा वर्षे होती. दिवाण सर टी. माधवराव राज्य चालवीत होते आणि बालमहाराजांच्या शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्यावर होती. सकाळी तालीम आणि नंतर दिवसभर अभ्यास असा क्रम ठरला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांची ओळख या मुलाला जवळजवळ एकाच वेळी करून घ्यावी लागली. ज्या वयात इतर राजपुत्र सफाईने वाचू-लिहू लागलेले असतात, त्या वयात सयाजीराव मुळाक्षरे गिरवीत होते. 28 डिसेंबर 1881 रोजी राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. शिक्षक निघून गेले, परंतु अभ्यास सुटला नाही. उशिरा सुरू झालेले शिक्षण त्यांनी मरेपर्यंत चालू ठेवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांच्या वाचनाचा कल स्पष्ट होता. इतिहास हा त्यांचा सर्वांत आवडता विषय. त्याच्या जोडीला राज्यशास्त्र, कायदा आणि अर्थशास्त्र. बेंथॅम आणि मिल यांच्या ग्रंथांचे त्यांनी परिशीलन केले. मात्र मन रमले ते एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा व पतनाचा इतिहास सांगणाऱ्या विशाल ग्रंथात. तो त्यांनी नुसता वाचला नाही. वाचता वाचता टिपणे काढली, ती सुसंगत लावली आणि त्यांतून 1896 साली लंडनमध्ये इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘सीझरपासून सुलतानापर्यंत’ असा होतो. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेल्या माणसाने गिबनसारख्या लेखकाचा सारांश काढून छापावा, ही घटना त्या काळीही साधी नव्हती. मांडलिक संस्थानच्या राजाने साम्राज्यांच्या उदयास्ताचा इतका बारकाईने विचार करावा, यातही एक अर्थ आहे. वैभव कशाने टिकते आणि कशाने जाते, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ ग्रंथातला नव्हता.

प्रकृतीच्या तक्रारी आणि निद्रानाश यांमुळे 1887 पासून त्यांना वारंवार युरोपात जावे लागले. दीर्घ परदेशवासाबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण या प्रवासांत त्यांची दृष्टी शाळा, संग्रहालये आणि ग्रंथालये शोधत असे. परदेशात जे चांगले दिसेल ते बडोद्यात कसे रुजवता येईल, याचा विचार त्यांच्या मनात सतत चालू राही.

स्वतःला जे वाचायला मिळाले ते आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत मिळावे, ही इच्छा त्यांच्या ग्रंथप्रेमाचा दुसरा टप्पा होता. बडोद्याच्या आश्रयाने मराठीत ‘महाराष्ट्र ग्रंथमाला’ निघाली. निरनिराळ्या देशांचे इतिहास सांगणारी ‘राष्ट्रकथामाला’ निघाली. इंग्रजी न जाणणाऱ्या मराठी वाचकाला जगाचा इतिहास घरबसल्या वाचता येऊ लागला. 1912 साली गुजराती साहित्य परिषदेचे अधिवेशन बडोद्यात भरले, तेव्हा महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्याच्या व्याजातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या मालांची पुस्तके गुजराती व मराठी भाषांत निघत राहिली. प्रजा गुजराती आणि राजघराणे मराठी, अशा राज्यात दोन्ही भाषांना ग्रंथांच्या रूपाने सारखे स्थान देण्याचा हा प्रयत्न होता.

याच काळात शिक्षणाचा मोठा प्रयोग चालू होता. 1893 साली अमरेली भागातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले आणि 1906 साली ती सक्ती सर्व राज्याला लागू झाली. हिंदुस्थानात असे पाऊल प्रथम बडोद्याने उचलले. परंतु महाराजांना लवकरच एक अडचण जाणवली. मुलगा चार-पाच वर्षे शाळेत जातो, वाचायला शिकतो, मग शेतावर किंवा दुकानात जातो. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत अक्षरे पुसट होतात आणि शाळेवर केलेला खर्च वाया जातो. मुलीच्या बाबतीत तर सक्तीचे वयच आधी संपत होते. शाळेने दिलेली साक्षरता शाळेबाहेर जगवायची असेल, तर गावोगावी वाचण्यासारखे काहीतरी असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. बडोद्याची ग्रंथालय चळवळ जन्मली ती या जाणिवेतून.

या चळवळीचे सगळे श्रेय राजवाड्याला देणे मात्र न्याय्य होणार नाही. चरोतर भागातील मोतीभाई अमीन या शिक्षकाने 1906 च्या सुमारास ‘मित्रमंडळ’ ग्रंथालये सुरू केली होती. महाराजांनी हे काम पाहिले, त्याला आधार दिला आणि पुढे मोतीभाईंना राज्याच्या ग्रंथालय खात्यातच घेतले. तळातून उगवलेली कल्पना आणि वरून आलेली सत्ता यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. कोणीही यावे, वाचावे, पुस्तक घरी न्यावे आणि त्यासाठी काही द्यावे लागू नये, ही पद्धत त्यांना भावली. 1910 साली त्यांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात आणले. बॉर्डन यांनी तीन वर्षांत स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवला आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील मजकूर असलेले एक ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू केले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घालण्यासाठी महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे 20,000 पुस्तकांचा खाजगी संग्रह देऊन टाकला. ज्या पुस्तकांवर राजाची नजर फिरली होती, ती आता कारकून, विद्यार्थी आणि दुकानदार यांच्या हाती जाऊ लागली.

गावांसाठी नियम सोपा होता. ग्रंथालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग लोकांनी गोळा करायचा, तेवढाच भाग स्थानिक पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच राज्याने. खेड्यासाठी ही मर्यादा वर्षाला 100 रुपये होती, कसब्यासाठी 300 आणि प्रांताच्या मुख्य गावासाठी 700. राज्याने सगळा खर्च उचलला असता, तर ग्रंथालय सरकारी कचेरी झाले असते. गावाच्या पदरचे पैसे त्यात असल्यामुळे ते गावाचे राहिले.

ज्या गावांना एवढेही जमत नव्हते त्यांच्यासाठी फिरते ग्रंथालय होते. पुस्तके भरलेली लाकडी पेटी गावात येई, काही काळ तेथे राही आणि मग दुसरीकडे जाई. या पेट्यांत कथा-कादंबऱ्या, चरित्रे, धर्मपर पुस्तके असत. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे संच असत. येथे सयाजीरावांच्या ग्रंथप्रेमातील एक मोठा गुण दिसतो. स्वतः महाराज गिबन आणि मिल यांत रमणारे, पण त्यांनी आपली आवड प्रजेच्या आवडीचे माप ठरवली नाही. दिवसभर राबलेल्या शेतकऱ्याला गोष्ट हवी असते, एखाद्या गृहिणीला संतचरित्र हवे असते, मुलाला चित्रे हवी असतात. वाचनाची सवय प्रथम आनंदातून लागते आणि गंभीर ग्रंथ त्या सवयीच्या मागून येतात, हे या योजनेने गृहीत धरले होते. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यानेच जादूचा दिवा आणि चलच्चित्रे गावोगावी नेली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांना स्वतंत्र दालन मिळाले आणि तेथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवण्यात आले.

लोकांच्या पेट्या भरताना विद्वानांच्या गरजाही विसरल्या गेल्या नाहीत. संस्कृत हस्तलिखिते गोळा करण्यासाठी पंडित पाठवले गेले. ‘गायकवाड्स ओरिएंटल सीरिज’ या मालेचा प्रारंभ 1916 साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाने झाला आणि 1927 साली प्राच्यविद्यामंदिराची स्थापना झाली. बडोद्याच्या राज्यकारभारात लागणाऱ्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील कोश 1931 साली निघाला. त्याच वर्षी मध्यवर्ती ग्रंथालय पोलादी मांडण्यांच्या आणि काचेच्या फरश्यांच्या नव्या इमारतीत गेले. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यावरील पुस्तकांपर्यंत पोहोचावा, अशी ती रचना होती.

या कार्याला मर्यादाही होत्या. शाळेत मुले न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई आणि मुलांच्या हातांवर ज्यांची शेती चाले, त्या गरीब कुटुंबांना तो जाच वाटे. राजाच्या इच्छेने चालणाऱ्या योजनेला राजाच्या आयुष्याची मर्यादा असते. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले आणि दहा वर्षांनी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पेटी गावात पाठवता येते, परंतु तिचे कुलूप उघडणारा हात गावातच असावा लागतो. मोतीभाईंसारखी माणसे जेथे होती तेथे वाचन टिकले.

कोल्हापूर येथे 1932 साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान सयाजीरावांना मिळाले. मराठी मुलखाबाहेर राज्य करणाऱ्या माणसाचा मराठी साहित्यिकांनी केलेला तो सन्मान होता. परंतु त्यांच्या ग्रंथप्रेमाचे सर्वांत मोठे फळ त्याच्या कितीतरी आधी, एका मुलाच्या हाती पडले होते.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र 1898 साली बडोद्याच्या आश्रयाने निघालेल्या मालेतून प्रसिद्ध झाले. काही वर्षांनी मुंबईत एका गुणी विद्यार्थ्याच्या परीक्षेतील यशाबद्दल त्याच्या समाजाने सत्कारसभा भरवली. त्या सभेत केळुसकरांनी आपले हे पुस्तक त्याला भेट दिले. पुढे केळुसकरांच्या शब्दावरून सयाजीरावांनी त्या विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा 25 रुपये दिले आणि 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

राजाने पुस्तकाला आश्रय दिला तेव्हा त्याचा वाचक कोण असेल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि लेखकालाही नव्हते. त्या पुस्तकाने मुलाच्या मनात जे पेरले ते उगवायला जवळजवळ अर्धे शतक लागले. 1956 साली, हयातीच्या अखेरच्या दिवसांत, डॉ. आंबेडकर बुद्धांवरील आपल्या ग्रंथाचे प्रास्ताविक लिहीत होते. लहानपणी मिळालेल्या केळुसकरांच्या त्या पुस्तकाची आणि ते ज्या बडोद्याच्या मालेतून निघाले तिची नोंद त्यांनी तेथे आठवणीने केली.