बेंटली : गाडीमागचा माणूस

बेंटली म्हटलं की आपल्याला श्रीमंतांची गाडी आठवते. मला मात्र आधी डब्ल्यू. ओ. बेंटली हा माणूस आठवतो. १८८८ साली लंडनमध्ये जन्म. सोळाव्या वर्षी डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे सुरुवात वाफेच्या इंजिनांपासून! १९१९ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार कंपनी काढली.

खरी परीक्षा झाली १९२७ साली, फ्रान्समधल्या ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत. अंधार पडताना एका वळणावर त्यांच्या तिन्ही गाड्या अपघातात सापडल्या. दोन तिथेच संपल्या. तिसरीचं पुढचं चाक वाकलं, दिवा फुटला. नियम असा, की दुरुस्ती ड्रायव्हरनेच करायची. सॅमी डेव्हिसने पिटमध्ये जमेल तेवढं ठीकठाक केलं आणि गाडी पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशी तीच पहिली आली!

१९३१ मध्ये पैशाअभावी कंपनी रोल्स-रॉईसकडे गेली. बेंटलींचं आडनावसुद्धा विकलं गेलं. १९७१ साली ते वारले. पण त्यांच्या काळातल्या गाड्या आजही नटबोल्टपर्यंत खोलून, साफ करून, पुन्हा जोडून सुरू करतात. किल्ली फिरवण्याआधी पाना फिरवता आला पाहिजे, एवढंच मी त्यांच्याकडून शिकलो. तेव्हा दोस्तांनो, वर्कशॉपचं प्रॅक्टिकल बुडवू नका!