अर्ध्या शहाण्याचा कारभार

पेशवाईतले साडेतीन शहाणे तुम्ही ऐकून असालच. सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पुरे आणि नाना फडणवीस अर्धे. आता अर्धे का, तर अक्कल कमी होती म्हणून नव्हे. बाकी तिघांना लेखणीबरोबर तलवारही कळत होती, नानांना नुसती लेखणी, असा त्याचा अर्थ जुनी माणसं सांगतात. पण याच अर्ध्या शहाण्याने १७७४ पासून वीस-बावीस वर्षं मराठी राज्याचा गाडा ओढला. इंग्रजांशी त्यांनी कशी टक्कर घेतली ते शाळेच्या पुस्तकात तुम्ही वाचलंय. आज त्यांच्याकडे कारभारी म्हणून बघू. तुमच्यापैकी कुणी सरपंच असेल, कुणी सोसायटीचा चेअरमन, कुणाची हयात दप्तर सांभाळण्यात गेली असेल. तुम्हाला हा माणूस ओळखीचा वाटेल.

नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू. घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं, जन्म साताऱ्याला, १२ फेब्रुवारी १७४२ चा. १७५६ साली वडील वारले आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती फडणिशीची दौत आली. चार वर्षांनी सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर हे उत्तरेत गेले, आईलाही तीर्थयात्रेसाठी बरोबर नेलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं होत्याचं नव्हतं झालं. नाना लपतछपत कसेबसे जीव वाचवून आले. आईची वाटेत ताटातूट झाली ती झालीच, ती माउली परत दिसली नाही. पुढे नानांनी आपली छोटी आत्मकथा लिहिली, तीत आपल्या मनाचा दुबळेपणाही झाकून ठेवला नाही. रणांगणाची धास्ती, पुढचा धोका आधी ओळखायची सवय आणि माणसावर चटकन भरवसा न टाकण्याचा स्वभाव, ही तिन्ही त्यांच्यात जन्मभर दिसतात. पानिपताने ती पक्की केली असं आम्हाला वाटतं.

हा स्वभाव कचेरीच्या कामाला मात्र सोन्यासारखा लागू पडला. फडणीस म्हणजे सरकारच्या जमाखर्चावर नजर ठेवणारा. सनद असो की हुकूम, तो फडात नोंदल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. थोरल्या माधवरावांच्या हाताखाली नाना या कामात तयार झाले. पेशवा मोहिमेवर गेला की पुण्यातल्या हिशेबाची काळजी नानांची.

गावाचा वसूल तेव्हा कसा चाले ते जरा बघा. पाटील-कुलकर्णी गावचा वसूल करणार, परगण्यावर कमाविसदार किंवा मामलेदार. वर्षाच्या सुरुवातीला या कमाविसदाराला पुण्याहून बेहेडा मिळायचा. बेहेडा म्हणजे आजच्या भाषेत अंदाजपत्रक : अमुक येणं, अमुक खर्च. त्याच्याकडून काही रक्कम आगाऊ घ्यायची, तिला रसद म्हणत. वर्ष संपलं की हिशेब घेऊन पुण्याला हजर. पाऊस दगा देऊन गेला किंवा फौजेच्या वाटेवर पीक तुडवलं गेलं, तर पाहणी होऊन रयतेला सूट मिळे, बी-बियाण्याला, बैलाला तगाई मिळे.

आता यात कमाविसदाराला खायला वाव भरपूर. रयतेला सूट दिली म्हणून लिहायचं आणि वसूल पूर्ण करायचा. शिबंदीच्या हजेरीपटावर नसलेली माणसं चढवायची. (हजेरीपटावरची खोटी नावं ही काही आजकालची कला नाही!) त्यावर उपाय म्हणून कमाविसदाराच्या जवळ दरकदार बसवलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस वगैरे. यांची नेमणूक वरून, त्यामुळे कमाविसदाराला यांना काढता येत नसे आणि यांच्या निशाणीवाचून कागद पुरा होत नसे. ही व्यवस्था काही नानांनी शोधली नाही, ती आधीपासूनची. पण व्यवस्था कागदावर असणं वेगळं आणि रोज चालवणं वेगळं. नानांनी ती चालवली. नगास नग, कागदास कागद. स्वतः उंच, सडपातळ, गंभीर, फारसे हसायचे नाहीत. असा माणूस वर बसलाय म्हटल्यावर खालचा कारकून आकडा लिहिताना दोनदा विचार करणारच.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलता राघोबा गादीवर बसला. त्याच्याविरुद्ध कारभारी मंडळींनी जूट केली, तीच बारभाई. नारायणरावांची पत्नी गंगाबाई पुरंदरावर सुरक्षित ठेवली, तिला १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. नानांचं खरं राज्य इथून सुरू होतं.

स्वतः लढता येत नाही हे नाना ओळखून होते, आणि हा त्यांचा मोठा गुण. जे येत नाही ते ज्याला येतं त्याला पुढं करायचं आणि आपण पैसा, दाणागोटा, बातम्या सांभाळायच्या. मुंबईकर इंग्रज १७७८ च्या अखेरीस राघोबाला घेऊन बोरघाट चढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्यांना घेरलं आणि वाटेवरचं तळेगाव आपल्याच लोकांनी जाळून टाकलं, म्हणजे शत्रूला दाणावैरण मिळू नये. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. विजय मोठा, पण तळेगावकरांचं घर-धान्य त्यात गेलं, हेही शेतकऱ्याने लक्षात ठेवावं. पुढच्या वर्षी नानांनी निजाम, हैदर, नागपूरकर भोसले यांना एका दोरीत बांधायचा घाट घातला. १७८२ च्या मेमध्ये महादजींनी सालबाईचा तह ठरवला. पण हैदर डिसेंबरात वारला तोवर नानांनी त्याला पक्केपणा दिला नाही. घाईनं सही करणारा माणूसच नव्हे तो.

आता नाण्याची दुसरी बाजू. हिशेबाच्या प्रत्येक ओळीवर संशय घेणारा डोळा माणसांकडेही तसाच बघू लागला. सखारामबापू बारभाईतला ज्येष्ठ, नानांना त्यानेच वाट दाखवलेली. त्याचे आतून राघोबाशी धागे असल्याचा पुरावा १७७९ मध्ये हाती आला तेव्हा त्याला कैद झाली, आणि दोन वर्षांनी म्हातारा रायगडावर कैदेतच वारला. चुलतभाऊ मोरोबा फडणीस याने १७७८ मध्ये उचल खाल्ली, तोही वर्षानुवर्षं अडकून पडला. दोघेही निर्दोष होते असं नाही. पण बरोबरीनं बोलू शकणारी माणसं एकेक करून अशी गेली आणि नव्याने कुणी नानांनी तयार केलं नाही. महादजी उत्तरेत अडचणीत असताना पुण्याहून मदत गेली ती उशिरा आणि मागे संशय ठेवून. १७९२ ला महादजी पुण्यात आले तर दोघांत भांडण पेटलं ते हिंदुस्थानच्या वसुलाच्या हिशेबावरून. नाना जमा विचारत, महादजी मोहिमांचा खर्च पुढे करत. दोघांचंही आपापल्या जागी खरं होतं. ते पुरतं मिटेतो फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले.

गंमत अशी की एवढा संशयी माणूस एका ठिकाणी मात्र डोळे मिटून राहिला. पुण्याचा कोतवाल घाशीराम हा नानांचा माणूस. शहर धाकात ठेवतो, बातम्या आणतो, मग झालं. तक्रारी होत्याच, पण कोतवालाचे कागद बरोबर असावेत. १७९१ मध्ये त्याच्या लोकांनी तेलंगी ब्राह्मणांना एका कोठडीत कोंडलं आणि त्यातले बरेचजण गुदमरून मेले. शहर खवळलं, घाशीराम लोकांच्या हाती गेला आणि दगडांनी ठेचला गेला. तेंडुलकरांच्या नाटकातला नाना हा नाटककाराचा, तो इथं आणू नका. पण चौदा वर्षं ज्याला आपण नेमून ठेवलं तो लोकांशी कसा वागतो हे वरच्याला कळू नये, याचा दोष वरच्याकडंच जातो. हिशेब घ्यायला नाना कमी पडले नाहीत, गाऱ्हाणं ऐकायला कमी पडले.

सगळ्यात महागात पडलं ते घरातलं. सवाई माधवराव मोठा झाला तरी नानांच्या नजरेखालीच. कोण भेटतं, कोण पत्र धाडतं, सगळ्यावर पहारा. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. तो नानांच्या कारभाराचा कळस. त्याच वर्षी तरुण पेशव्याचा आणि कैदेतल्या राघोबापुत्र बाजीरावाचा चोरून पत्रव्यवहार चालल्याचं उघड झालं, आणि नानांनी पेशव्याला सुनावलं. २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कोसळला, दोन दिवसांनी गेला. वय एकवीस. उडी घेतली की तोल गेला, यावर आजही एकमत नाही. इतकं मात्र खरं, की एकवीस वर्षांच्या त्या धन्याला राज्य चालवायला कुणी शिकवलं नव्हतं.

मग वारसाचा घोळ सुरू झाला. नाना महाडला पळाले, तिथून बसून डाव फिरवला, आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. ज्याला टाळण्यात उभी हयात गेली त्यालाच गादीवर बसवायची पाळी! वर्षभराने, ३१ डिसेंबर १७९७ ला, दौलतराव शिंद्याच्या माणसांनी नानांना दग्याने पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात टाकलं. १७९८ च्या मध्यावर सुटका झाली, पुन्हा कारभार हाती आला, पण अंगात पूर्वीची रग नव्हती. १३ मार्च १८०० ला पुण्यात नाना वारले. मागे मुलगा नाही, आणि दौत हाती द्यावी असा शिष्यही नाही. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी त्यांचा वाडा आणि घाट आजही बघायला मिळतो, आणि तिथं निघालेलं दप्तर अभ्यासकांना फार कामी आलं.

खेड्यांना याची किंमत लगेच कळली. बाजीरावाने परगणे मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जास्त बोली बोलेल त्याला वर्षभराचा वसूल, आणि मध्येच कुणी जास्त बोलला तर पहिल्याला हाकलायचा. मक्तेदाराने पुढं पोटमक्ते दिले, कुठं कुठं खुद्द पाटलानेच गाव मक्त्याने घेतलं. पीक कसं आहे हे बघायला कुणाला सवड? सूट-तगाई आटली. त्यात होळकरांच्या फौजा आणि १८०३-०४ चा दुष्काळ, गावं ओस पडली. १८१८ ला राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी पुण्याचं दप्तर उघडलं, तर नानासाहेब पेशव्यांच्या वेळेपासून बाजीराव गादीवर येईपर्यंतचे कागद मोठ्या काटेकोरपणे ठेवलेले आढळले. त्यापुढच्या वर्षांचे रुमाल अर्धवट, आणि ते लिहिणारे कारकून बहुतेक सगळे केव्हाच घरी पाठवलेले.