विश्लेषण : शाळेतल्या गर्दीवर शाहू महाराजांनी काय तोडगा काढला होता?

गुढीपाडवा जवळ आला की कोल्हापुरातील जरगनगरच्या महापालिका शाळेची बातमी ठरलेली असते. पहिलीच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. सरकारी शाळेसाठी रात्र जागून काढणे ही तशी अभिमानाची गोष्ट. पण त्याच जिल्ह्यात डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवरील शाळा पट कमी म्हणून बंद होणार का, या चिंतेत आहेत. एकीकडे बसायला जागा नाही, दुसरीकडे बसायला मुले नाहीत. शंभर वर्षांपूर्वी याच संस्थानात एका राजाने हजारो मुले एकदम शाळेत आणली. ती त्याने बसवली कुठे, हे आज पुन्हा पाहण्यासारखे आहे.

कागलचे यशवंतराव ‘शाहू’ कसे झाले?

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, विशीत असतानाच, त्यांच्या हाती राज्यकारभार आला. पहिली काही वर्षे दुष्काळ आणि प्लेगशी झगडण्यात गेली. त्यातून थोडी उसंत मिळताच त्यांचे लक्ष शिक्षणाकडे वळले.

वर्ग होते, मग अडचण कोणती होती?

कोल्हापुरात तेव्हा राजाराम हायस्कूल आणि कॉलेज होते. पण गडहिंग्लज किंवा शिरोळकडच्या शेतकऱ्याच्या मुलाने तिथे नाव घातले, तरी शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे? ज्यांचे नातलग शहरात होते किंवा ज्यांना वार लावून जेवता येत होते, त्यांचेच शिक्षण पुढे सरकत होते. म्हणजे प्रश्न बाकांचा नव्हता, बाकापर्यंत पोहोचण्याचा होता.

महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयोग केला. तो फसला. काही काळातच तिथे जवळजवळ एकाच जातीची मुले उरली. तेव्हा १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, १९०७ मध्ये लिंगायत, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, नाभिक अशी यादी वाढतच गेली. दरबाराने जागा आणि उत्पन्न द्यायचे, समाजाने संस्था चालवायची, अशी पद्धत होती. दसरा चौकात उभे राहिले तर त्या काळाच्या खुणा आजही दिसतात.

जातवार वसतिगृहे काढून त्यांनी जात पक्की केली, अशी टीका होते. आक्षेप अगदीच फेटाळण्यासारखा नाही. पण एकत्र वसतिगृहाचा अनुभव घेऊनच ते या वाटेला गेले, हे टीका करताना विसरले जाते. शिवाय प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांची सोय पाहिल्यामुळे एकाच इमारतीवर भार आला नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव दिले.

सक्तीचा कायदा कधी आला?

मूळचे रत्नागिरीकडचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. खर्च पेलणार नाही, हे सरकारचे एक मोठे कारण होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच संस्थानभर सक्ती लागू केली होती. कोल्हापूर त्या मानाने लहान आणि उत्पन्नही बेताचे. तरीही १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी शेतमजुराला हा रुपया जड होता.

एवढी मुले बसवायची कुठे?

कायदा करणे सोपे होते. खरी परीक्षा पुढे होती. प्रत्येक गावात इमारत बांधायची तर खजिना रिकामा झाला असता आणि बांधकाम होईपर्यंत मुले मोठी झाली असती. म्हणून गावात जे छप्पर आधीच उभे आहे ते वापरायचे ठरले. चावडी, धर्मशाळा, देऊळ, जे मिळेल तिथे शाळा भरू लागली. करवीर पेट्यातील चिखलीसारख्या गावापासून सुरुवात झाली.

मास्तरांचा प्रश्न त्याहून अवघड होता. रोख पगारावर खेड्यात टिकणारा शिक्षक मिळेना. कायद्याच्या काही वर्षे आधीच महाराजांनी पाटील-कुलकर्ण्यांच्या धर्तीवर गावच्या शिक्षकाला जमीन देण्याचा प्रयोग सुरू केला होता. वतनाने माणूस गावाला बांधला जातो, हा त्यामागचा हिशेब. वतनाची पद्धत तशी कालबाह्य होत चाललेली, पुढे कुलकर्णी वतन तर त्यांनी स्वतःच मोडले. पण शाळेसाठी त्यांनी ती वापरून पाहिली, हे गमतीचे आहे.

पैशासाठी दरबारी खजिना, शिक्षणासाठीचा कर आणि देवस्थानांच्या उत्पन्नातील काही वाटा असे मार्ग काढले. उच्च शिक्षणाचे काय, अशी कुरकुर तेव्हाच्या शिकलेल्या वर्गात होती. पैसा मर्यादित असताना आधी खेड्यातली पहिली-दुसरी, मग कॉलेज, हा क्रम त्यांनी सोडला नाही. राजाराम कॉलेज तर १९१९ मध्ये त्यांनी चालवण्यासाठी आर्य समाजाकडे सोपवले.

आकडे काय सांगतात?

सक्तीच्या योजनेखाली सुरुवातीला २७ शाळा आणि सुमारे १,३०० विद्यार्थी होते. १९२२ च्या सुमारास शाळा ४२० आणि विद्यार्थी सुमारे २२ हजार झाले. विद्यार्थी जवळपास सतरा पटींनी वाढले. आता भागाकार करून पाहा. आधी एका शाळेत सरासरी ४८ मुले होती, नंतर ५२. एवढा लोंढा येऊनही सरासरी पट जेमतेम चार मुलांनी वाढला, कारण शाळाही त्याच वेगाने वाढवल्या. मोठी शाळा आणखी मोठी करण्याच्या फंदात दरबार पडला नाही. सरासरीच ती, काही ठिकाणी दाटी झालीही असेल. पण दिशा स्पष्ट आहे.

१९१९ मध्ये आणखी एक निर्णय झाला. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतरांसोबत सरकारी शाळेतच बसवण्याचा हुकूम निघाला. एकाच गावात दोन शाळा, दोन मास्तर हा खर्च वाचला, हा त्याचा छोटा फायदा. मोठा फायदा सांगायला नको.

आज परिस्थिती काय आहे?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली हवी. घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी, हाही नियमच. गाजलेल्या शाळेत तुकड्या वाढवायच्या तर खोल्या लागतात आणि नवी शिक्षकपदे मंजूर व्हावी लागतात. त्यामुळे पालकांची रांग तशीच राहते. दुसऱ्या बाजूला, वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला. त्यात मुलांची ने-आण वाहनाने करायची आहे. पावसाळ्यात शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीवरून ते वाहन रोज वेळेवर निघेल का, हे तिथल्या पालकांना विचारावे लागेल.

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले. वय ४७. त्यांच्या शेवटच्या पाच वर्षांत सुरू झालेल्या गावोगावच्या त्या शाळांपैकी बहुतेकांना तेव्हा स्वतःची इमारत नव्हती.