एकी कुणाशी? संत थॉमस मोर



दरवर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर या दोन रक्तसाक्षींचे स्मरण करते. एकी म्हटले की आपल्याला ती चांगलीच वाटते. पण बाबेलचा बुरूज बांधणारेही एकजुटीनेच कामाला लागले होते. म्हणून एकी कशासाठी आणि कुणाशी, हे विचारायला हवे.

थॉमस मोर यांचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडन येथे झाला. तरुणपणी ते कार्थुजियन मठवासीयांच्या सहवासात प्रार्थनेत रमले. परंतु शेवटी त्यांनी विवाहित जीवन स्वीकारले. ते नामांकित वकील होते. आपल्या मुलींनाही त्यांनी लॅटिन आणि ग्रीक शिकवले. १५२९ साली राजा आठवा हेन्री याने त्यांना लॉर्ड चॅन्सलरचे उच्च पद दिले.

राजाला राणी कॅथरीनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता. पोपनी मान्यता दिली नाही, तेव्हा त्याने इंग्लंडची ख्रिस्तसभाच आपल्या ताब्यात घेतली. १५३२ साली मोर यांनी पदाचा राजीनामा दिला. १५३४ साली सर्वांकडून शपथ घेण्यात आली. सरदारांनी ती घेतली, लंडनच्या धर्मगुरूंनी घेतली. बिशपांपैकी एकट्या जॉन फिशर यांनी नकार दिला. मोर यांची लाडकी कन्या मार्गारेट हिनेही शपथ घेऊन वडिलांची मनधरणी केली. मोर बधले नाहीत.

त्यांनी बंड केले नाही, शपथ घेणाऱ्यांना दोषही दिला नाही. वर्षाहून अधिक काळ ते लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते. खटल्यात त्यांनी सांगितले, की एका राज्याच्या सभेपेक्षा सर्व देशांतील ख्रिस्ती लोक आणि स्वर्गातील संतगण यांच्याशी असलेले ऐक्य आपल्याला मोठे वाटते. संत स्तेफनच्या वधाला संमती देणारा पौल आज स्वर्गात त्याचा मित्र आहे. तसेच आपण आणि आपले न्यायाधीश तेथे आनंदाने भेटू, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली ते संत म्हणून जाहीर झाले. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

मोर यांच्या जीवनाची दुसरी बाजूही लपवू नये. ते चॅन्सलर असताना पाखंडी ठरवलेल्या काही लोकांना जाळण्यात आले आणि त्या शिक्षेला मोर यांचा पाठिंबा होता. तो त्या काळाचा दोष होता. तरी तो दोषच. श्रद्धेतील ऐक्य सत्यावाचून टिकत नाही, आणि सक्तीने तर ते जन्मालाच येत नाही.

कुटुंबात, गावात, धर्मग्रामाच्या सभेत 'सगळे म्हणतात' म्हणून हात वर करण्याची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारू या. ही एकी भीतीने टिकली आहे की सत्याने? आणि जो एकटा 'नाही' म्हणतो, त्याच्यासाठी आपण मनापासून प्रार्थना करू शकतो का? प्रभू येशूने आपल्या शिष्यांसाठी पित्याकडे मागितलेले ऐक्य दोन्ही कसोट्यांना उतरते.

आपला,
प्रमुख धर्मगुरू