लोखंडी नांगराची दोन वर्षे

आयटीत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. वर्षभर खपून एखादी सिस्टिम उभी करावी, ती झकास चालावी, आणि ज्यांच्यासाठी केली त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये! अशा वेळी बॉथेलच्या पावसात गाडी हाकत घरी येताना मी मनातल्या मनात युझरलाच नावं ठेवत असतो. मागे असाच वैतागलेलो असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचायला घेतलं, आणि जरा ओशाळलो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वेदान्ताचं वातावरण, पण मुलाला ओढ चित्रकलेची आणि यंत्रांची. वडिलांची नाराजी पत्करून आणि थोरले बंधू रामूअण्णांच्या पाठबळावर ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. मग त्यांनी यांत्रिक ड्रॉइंगवर भर दिला आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवण्याची नोकरी धरली. तिथल्या वर्कशॉपमध्ये हाताने काम करत यंत्रं शिकले.

१८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकल पाठवायची, रामूअण्णांनी ती विकायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची. नुसती वस्तू देऊन भागत नाही, वापरणाऱ्याला ती जमलीही पाहिजे, हा धडा इथेच सुरू झाला असावा. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापण्याचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

लाकडी नांगर माती नुसती उकरतो. लोखंडी नांगर ती उलटी करतो, त्यामुळे हरळीसारखं चिवट तण मुळासकट वर येतं. इंजिनिअरच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला होता. पण नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

इथे शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्यांच्या जागी उभं राहून बघू या. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर तिथल्या तिथे दुरुस्त करी, आणि त्याचं बलुतं धान्यात दिलं की झालं. लोखंडी नांगराला रोख पैसे हवेत, खोल नांगरटीला बैल जास्त हवेत, आणि ऐन हंगामात फाळ तुटला तर बेळगाव गाठायचं? पीक गेलं तर उपाशी कोण राहणार? नांगर विकणारा नक्कीच नाही! विषाच्या समजुतीमागे ही भीतीही असावी, असं आपलं मला वाटतं.

लक्ष्मणराव नांगरात सुधारणा करत राहिले. फाळ लवकर झिजतो अशी तक्रार आली तेव्हा ओतकाम सुधारलं. हळूहळू मागणी वाढली. तेवढ्यात नव्या वस्तीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तिथेही माणूस बघायची त्यांची रीत तीच. शाळेत न रमलेली माणसं त्यांच्याकडे कसबी कारागीर झाली. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी वाडीची राखण सोपवली. वाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याची माहिती देणारी पत्रिका होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणारं ‘किर्लोस्कर’ मासिक त्यातूनच वाढलं, हे कितीजणांना ठाऊक असेल? नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, पंप आले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून १९२६ मध्ये इंजिनिअर झाले आणि परत वाडीलाच गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

आज कंपन्या वापरणाऱ्याचा अभ्यास करायला वेगळी टीम नेमतात, त्याला डिझाइन रिसर्च म्हणतात. लक्ष्मणरावांना हा शब्द कुठून ठाऊक असणार? पण दोन वर्षांचा नकार पचवून ते नांगराकडे परत वळले, शेतकऱ्यांवर चिडून बसले नाहीत.

हे वाचल्यावर मी एक दिवस आमची सिस्टिम वापरायची टाळणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्यांच्या हातातल्या कागदी फॉर्मवरचा क्रम एक, आमच्या स्क्रीनवरचा दुसराच. प्रत्येक नोंदीला त्यांना चार वेळा मागेपुढे जावं लागत होतं, आणि वर्षभरात आमच्यापैकी कोणी ते जाऊन पाहिलंच नव्हतं. क्रम बदलायला आम्हाला दोन दिवस लागले.