लक्ष्मीचे विश्वस्त : ज्युलियस रोझेनवाल्ड

दान, शील, तप आणि भाव या धर्माच्या चार अंगांत दानाला पहिले स्थान दिलेले आहे. गृहस्थाला अपरिग्रहाचे महाव्रत पाळणे शक्य नसते. परंतु परिग्रहाला मर्यादा घालणे आणि त्या मर्यादेपलीकडील द्रव्य लोकोपयोगी कार्यास लावणे हे अणुव्रत त्याच्या आवाक्यातील आहे. जैन परंपरेशी ज्यांचा काहीही संबंध नव्हता अशा एका अमेरिकन वस्त्रव्यापाऱ्याने हेच तत्त्व आपल्या आयुष्यात अत्यंत निष्ठेने आचरले. त्यांचे नाव ज्युलियस रोझेनवाल्ड.

सन १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेत श्री. वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले, हे समाजाला सुपरिचित आहे. त्याच काळात त्या महानगरात एकतीस वर्षांचा एक ज्यू तरुण पुरुषांचे तयार कपडे बनविण्याचा व्यवसाय करीत होता. पुढील चाळीस वर्षांत याच तरुणाने शिकागोच्या उपेक्षित वस्त्यांना दिलेला आधार अमेरिकेच्या दानपरंपरेत कायमचा नोंदला गेला.

रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. गुलामगिरी नष्ट करणारे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे घर त्याच परिसरात होते. वडील सॅम्युअल हे जर्मनीहून रिकाम्या हाताने आलेले. आरंभी फेरीवर माल विकून त्यांनी पुढे कपड्यांचे दुकान थाटले. ज्युलियस यांना महाविद्यालयीन शिक्षण लाभले नाही. सन १८७९ मध्ये ते न्यूयॉर्कला आपल्या मामांच्या कपड्यांच्या पेढीवर उमेदवारीसाठी गेले. मालाची पारख, गिऱ्हाइकाची नाडी, उधारी आणि वसुली यांचे धडे त्यांनी तेथेच गिरविले. सन १८८५ मध्ये शिकागोस येऊन नातलगाच्या भागीदारीत त्यांनी उन्हाळी वापराचे हलके सूट तयार करण्याचा कारखाना काढला. सन १८९० मध्ये ऑगस्टा नुसबॉम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

सन १८९५ हे त्यांच्या जीवनातील वळणाचे वर्ष ठरले. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स, रोबक आणि कंपनीत त्यांनी आपले मेहुणे आरॉन नुसबॉम यांच्यासह भाग घेतला. जाहिरातीचे कसब सीअर्स यांचे होते. परंतु विस्कळीत कारभाराला शिस्त लावली ती रोझेनवाल्ड यांनी. वर्णनात असेल तसाच माल धाडावयाचा आणि तो पसंत न पडल्यास पैसे परत करावयाचे, या नियमाची त्यांनी काटेकोर अंमलबजावणी केली. खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांचा विश्वास संपादन करून ही पेढी अमेरिकेतील अग्रगण्य व्यापारी संस्था बनली. सन १९०८ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि १९१६ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत नोकरवर्गासाठी नफ्यात वाटा देणारी योजना सुरू झाली.

ऐश्वर्य वाढत गेले तसा त्याच्या विनियोगाचा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहिला. शिकागोच्या सिनाई मंदिराचे धर्मगुरू एमिल हर्श यांच्या प्रवचनांचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला होता. संपत्ती ही धनिकाची खासगी मालमत्ता नसून समाजाने त्याच्याकडे सोपविलेली ठेव आहे, ही ती शिकवण होती. सन १९१० च्या सुमारास कृष्णवर्णीयांचे थोर पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेल्या ज्यू समाजात जन्मलेल्या या व्यापाऱ्याला कृष्णवर्णीयांच्या दुःखाशी आपले नाते जाणवले आणि त्याच्या दानाला निश्चित दिशा मिळाली.

त्या काळी दक्षिणेतील अन्यायाला कंटाळून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत येऊ लागली होती. शिकागोतील त्यांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४ हजार होती. १९३० पर्यंत ती सव्वादोन लाखांच्या पुढे गेली. मात्र त्यांना राहावयास मिळे तो शहराच्या दक्षिण भागातील एक अरुंद पट्टा. अन्यत्र घरे विकत किंवा भाड्याने द्यावयाची नाहीत असे करार गोरे घरमालक परस्परांत करीत. परिणामी मोडकळीस आलेल्या इमारतींत एकेका खोलीत कुटुंबे दाटीने राहत आणि तरीही भाडे मात्र चढे भरीत. नव्याने आलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला वसतिगृहे व व्यायामशाळा यांची दारे बंद असत.

१९११ च्या आरंभी रोझेनवाल्ड यांनी जाहीर केले की, कोणत्याही शहराच्या नागरिकांनी ७५ हजार डॉलर्स जमविल्यास कृष्णवर्णीयांसाठी ख्रिस्ती तरुण संघाची, म्हणजे वायएमसीएची इमारत उभारण्यास ते २५ हजार डॉलर्स देतील. ज्यू धर्मीयाने ख्रिस्ती संस्थेला इतके मोठे साहाय्य द्यावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. सुमारे दोन डझन शहरांनी या योजनेचा लाभ घेतला. शिकागोच्या वॅबॅश अव्हेन्यूवरील इमारत १९१३ मध्ये खुली झाली. नवागतांना निवारा, नोकरीची माहिती, पोहण्याचा तलाव, वर्ग आणि सभागृह हे सर्व तेथे एकत्र होते. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे अध्ययन करणारी संस्था कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये याच इमारतीत स्थापन केली. एका वास्तूने संपूर्ण वस्तीला आत्मभान दिले.

सन १९१२ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी सुमारे सात लक्ष डॉलर्सचे दान केले. त्यातील २५ हजार डॉलर्स वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेसंबंधीच्या कार्यास मिळाले. त्यातून उरलेल्या अल्प रकमेत अलाबामा राज्यात सहा ग्रामीण शाळा बांधल्या गेल्या आणि त्या बीजातून १९३२ पर्यंत दक्षिणेतील पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. येथेही अट तीच होती. रोझेनवाल्ड यांनी काही भाग द्यावा, शासनाने आपला वाटा उचलावा आणि गावकऱ्यांनी रोख, जमीन, लाकूड किंवा श्रम या रूपाने भर घालावी. एकूण हिशेब असा निघाला की, रोझेनवाल्ड यांचे ४३ लक्ष डॉलर्स, तर गरीब कृष्णवर्णीयांचे ४७ लक्ष डॉलर्स. दात्यापेक्षा घेणाऱ्यांनीच अधिक दिले, आणि म्हणूनच त्या शाळा त्यांना आपल्या वाटल्या. या अटीची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जे लोक शाळेसाठी कर भरीतच होते, त्यांना आपल्या हक्काच्या शाळेकरिता पुन्हा वर्गणी काढावी लागली.

जुलै १९१९ मध्ये शिकागोत भीषण वांशिक दंगल उसळली. तीत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे असे ३८ जण प्राणास मुकले आणि सुमारे एक हजार कृष्णवर्णीय कुटुंबे बेघर झाली. कारणांचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या आयोगात सहा गोरे व सहा कृष्णवर्णीय सदस्य होते. रोझेनवाल्ड त्यांपैकी एक. सन १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात निवाऱ्याची दुःस्थिती हे अशांततेचे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले.

याच सुमारास त्यांच्या व्यापारी कसोटीचाही प्रसंग आला. पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळले, मालाचे साठे पडून राहिले आणि १९२१ मध्ये सीअर्स कंपनी संकटात सापडली. रोझेनवाल्ड यांनी सुमारे दोन कोटी डॉलर्सची स्वतःची मालमत्ता पुढे करून कंपनी सावरली. दान करणारा हात व्यवहारातही तितकाच खंबीर होता. पुढे १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीतही आपल्या नोकरांच्या कर्जाची हमी त्यांनी स्वतः घेतली.

आयोगाच्या अनुभवातून जन्मलेले त्यांचे मोठे कार्य म्हणजे शिकागोतील सत्तेचाळिसावा रस्ता आणि मिशिगन अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील गृहसंकुल. त्यांचे भाचे, वास्तुशिल्पी अर्नेस्ट ग्रन्सफेल्ड यांनी त्याचा आराखडा केला. सन १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या या पाच मजली संकुलात ४२१ सदनिका होत्या. मध्यभागी विस्तीर्ण बाग, प्रत्येक घरात उजेड व हवा, आणि रस्त्याच्या बाजूला दुकाने. सुमारे २७ लक्ष डॉलर्स खर्च आला. व्यवस्थापन रॉबर्ट टेलर या कृष्णवर्णीय गृहस्थांकडे सोपविण्यात आले. तेच पुढे शिकागो गृहनिर्माण प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले.

हे संकुल दान म्हणून नव्हे, तर मर्यादित परतावा देणारी गुंतवणूक म्हणून बांधले होते. सहा टक्के व्याज सुटते असे दिसले, तर इतर धनिकही अशा वस्त्यांत घरे बांधतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ती सफल झाली नाही. मंदीच्या काळात परतावा अपेक्षेपेक्षा बराच कमी मिळाला आणि अनुकरण करणारे फारसे पुढे आले नाहीत. भाडेही अत्यंत गरिबांना परवडणारे नव्हते, आणि संकुल उभे राहिले ते वर्णभेदाने आखून दिलेल्या सीमेच्या आतच. तरीही शेकडो कुटुंबांना स्वच्छ व सन्मानाचे घर मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. सन २००० मध्ये ओस पडलेल्या या वास्तूचे नूतनीकरण होऊन २०१६ मध्ये ती पुन्हा नांदती झाली. त्या वेळी तीत २३९ सदनिका करण्यात आल्या.

नावलौकिकाविषयी ते विरक्त होते. शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयासाठी त्यांनी लक्षावधी डॉलर्स दिले. आरंभी त्याला दिलेले त्यांचे नाव त्यांनी आग्रहाने काढावयास लावले. ते संग्रहालय १९३३ मध्ये १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातील एका इमारतीत खुले झाले.

मात्र त्यांचा सर्वांत वेगळा विचार न्यासांविषयीचा होता. सन १९१७ मध्ये स्थापन केलेल्या रोझेनवाल्ड निधीची १९२८ मध्ये पुनर्रचना करताना त्यांनी अशी अट घातली की, आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत मुद्दलासह संपूर्ण निधी खर्च झाला पाहिजे. मुद्दल अखंड राखून केवळ व्याजावर चालणाऱ्या संस्था कालांतराने साचेबंद होतात, विश्वस्तांना जतनाचीच सवय जडते आणि दात्याच्या काळातील गरजा संपल्या तरी त्याच्या अटी मात्र उरतात, असे त्यांचे मत होते. प्रत्येक पिढीतील दाते आपल्या काळातील गरजा भागवितील, हा त्यांचा विश्वास होता.

६ जानेवारी १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. विश्वस्तांनी त्यांचा शब्द पाळला. मरियन अँडरसन, लँगस्टन ह्यूज, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस अशा गुणवंतांना शिष्यवृत्त्या देऊन आणि समान हक्कांच्या कार्यास साहाय्य करून १९४८ मध्ये निधी विसर्जित झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरविक्रीतील वर्णभेदी करार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला.

मंदिर, पाठशाळा, पांजरपोळ यांना अक्षय निधीची आवश्यकता असते, हे खरे. त्यांचे कार्य पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचे असते. म्हणून प्रत्येक न्यासाने रोझेनवाल्ड यांचा मार्ग जसाच्या तसा स्वीकारावा असे नाही. परंतु सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी ताळेबंदातील शिल्लक किती वाढली यासोबतच, त्या शिलकीने आसपासच्या वस्तीतील किती घरांत उजेड पोचला, घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला गेला काय आणि आपल्या पंथाबाहेरील गरजवंतापर्यंत हात पोचला काय, हे प्रश्नही विचारावयास हवेत. शिकागोच्या त्या वस्त्रव्यापाऱ्याने आपल्या जीवनाच्या खातेवहीत हाच हिशेब मांडला. त्याचे स्मरण प्रत्येक विश्वस्ताला आपल्या पदाच्या जबाबदारीची जाणीव देत राहो.