बुडबुडे आले म्हणून नमुना नापास झाला, पण याच माणसामुळे आज फर्निचरवर पीयू पॉलिश चमकतंय

घरात नवीन फर्निचर झालं की शेवटचा प्रश्न येतो पॉलिशचा. मेलामाइन करायचं की पीयू? पीयू महाग जातं, पण काचेसारखं गुळगुळीत होतं आणि टिकतंही, असं पॉलिशवाला सांगतो आणि आपलं बजेट वाढतं.

हे पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्यामागचं रसायनशास्त्र शोधणाऱ्या माणसाचं नाव ओटो बायर.

आडनाव वाचून ॲस्पिरिनवाली बायर कंपनी आठवली असेल. ओटो बायर यांनी आयुष्याचा मोठा काळ तिथेच काम केलं, पण कंपनीच्या मालक घराण्याशी त्यांचं काहीही नातं नव्हतं. आडनाव सारखं, एवढंच.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९०२ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. तिथल्याच विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले आणि १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते रंग बनवणाऱ्या कारखान्यात लागले. तिशी ओलांडली तेव्हा ते लेव्हरकुझेनच्या मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले होते. तेव्हा बायर ही आय. जी. फार्बेन या अवाढव्य कंपनीचा भाग होती.

तिकडे अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने नायलॉन शोधून त्याचे पेटंट घेतले होते. जर्मन कंपनीला स्वतःचा धागा हवा होता, पण त्या पेटंटांना हात न लावता.

बायर यांनी वेगळीच वाट धरली. नायलॉन तयार होताना छोटे रेणू जोडले जातात आणि प्रत्येक जोडणीत पाणी बाहेर पडतं. बायर यांना अशी जोडणी हवी होती जिच्यातून काहीच बाहेर पडणार नाही. त्यासाठी त्यांनी आयसोसायनेट नावाची रसायनं निवडली. ही रसायनं अत्यंत चळवळी आणि हाताळायला घातक. असल्या महागड्या, धोकादायक रसायनांपासून उपयोगाचं काही बनेल यावर त्यांच्या वरिष्ठांचाही विश्वास नव्हता.

तरीही नोव्हेंबर १९३७ मध्ये पॉलियुरेथेनच्या मूळ पेटंटची नोंद झाली. तेव्हा बायर यांना नुकतंच पस्तिसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

पण पेटंट मिळालं म्हणून माल विकला जात नाही. नंतरच्या प्रयोगांत एक भलतीच अडचण आली. साच्यात ओतलेल्या नमुन्यांत बुडबुडे यायचे. असाच एक नमुना तपासणीला गेला, तेव्हा याचा उपयोग फार तर भोकं पडलेल्या स्विस चीजची नक्कल करायला होईल, अशा अर्थाचा शेरा मारून तो परत पाठवला गेला, असा किस्सा सांगितला जातो.

बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना फेकून देण्याऐवजी बुडबुडे कशामुळे येतात ते शोधलं. मिश्रणात आम्लाचा किंवा ओलाव्याचा अंश राहिला की आयसोसायनेट त्याच्याशी भिडतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तोच वायू आत अडकत होता.

मग ओलावा मुद्दाम दिला तर? मिश्रण फुगलं आणि फोम तयार झाला. आजच्या गाद्या, सोफे आणि गाडीच्या सीट यातूनच आल्या. आणि ओलावा पूर्ण बाहेर ठेवला तर? मग मिळतो कडक, चमकदार लेप. डेस्मोडूर आणि डेस्मोफेन या दोन घटकांवरून जर्मनीत अशा लेपाला ‘डीडी’ लाखच म्हणू लागले.

सुतारकामात आजही हेच गणित चालतं. टू-पॅक पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. लाकूड ओलं असेल, पावसाळी दमट हवा असेल किंवा हार्डनरचा डबा उघडा राहिला असेल, तर पृष्ठभागावर बारीक फोड येतात. एकदम जाड थर दिला तर आतला वायू आणि थिनरची वाफ बाहेर पडायच्या आधीच वरचा थर सुकतो. म्हणून जाणकार कारागीर लाकूड नीट सुकू देतो, आधी सीलर मारतो, पातळ थर देतो आणि दोन थरांमध्ये बारीक पॉलिश पेपरने घासून धूळ पुसून घेतो. आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्यामुळे स्प्रे करताना साधा रुमाल पुरत नाही, योग्य मास्क लागतो.

बायर यांच्या कंपनीचा इतिहास मात्र असा चमकदार नाही. दुसऱ्या महायुद्धात आय. जी. फार्बेनने ऑशवित्झजवळच्या कारखान्यात छळछावणीतले कैदी राबवले. युद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी कंपनीचे तुकडे केले. त्यातून १९५१ मध्ये बायर पुन्हा स्वतंत्र झाली आणि ओटो बायर तिथे संशोधनाची धुरा सांभाळत राहिले.

१९५० च्या दशकात फोमचं मोठं उत्पादन सुरू झालं आणि ज्या शोधावर घरातलेच लोक हसले होते, तो कंपनीचा मोठा धंदा झाला. १९७५ मध्ये त्यांना अमेरिकेतलं चार्ल्स गुडइयर पदक मिळालं. १ ऑगस्ट १९८२ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज गादीच्या फोममध्ये त्यांचे बुडबुडे मुद्दाम भरले जातात, आणि तिच्याखालच्या पलंगाच्या पॉलिशवर एकही बुडबुडा येऊ नये म्हणून कारागीर जिवाचा आटापिटा करतो.